नागरिकशास्त्राला वाली कोण?

२६ नोव्हेंबर आणि २६ जानेवारी हे दोन दिवस उजाडले की देशभरातील शाळांमध्ये संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. २६ नोव्हेंबर हा ‘संविधान दिन’ म्हणून पाळण्याचा निर्णय २०१५ साली झाला. महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०२०पासून शाळांमधून उद्देशिकेच्या वाचनाचा आग्रह धरला. उपक्रम स्तुत्य आहेत. ते कोणत्या पक्षाच्या राजवटीत सुरू झाले, हा हिशेब येथे गौण आहे. मुले स्वच्छ आवाजात ‘सार्वभौम’, ‘गणराज्य’, ‘बंधुता’ हे शब्द उच्चारतात, शिक्षक समाधानाने माना डोलावतात आणि राष्ट्रगीतानंतर वर्ग सुटतात. त्या शब्दांचा अर्थ मुलांना कोणी, कोणत्या तासाला, किती वेळ समजावून सांगायचा, हे विचारले तर मात्र मुख्याध्यापकापासून शिक्षणाधिकाऱ्यापर्यंत सर्वांची उत्तरे एकाच दिशेला जातात : इतिहासाचे शिक्षक सांगतील. आणि इतिहासाच्या शिक्षकाचा अनुभव असा, की पुस्तकाच्या शेवटी जोडलेली ती प्रकरणे हाती येईपर्यंत परीक्षा दाराशी येऊन ठेपलेली असते.

ज्या विषयातून देशाचा नागरिक घडावा अशी अपेक्षा आहे, तोच विषय शाळेत असा पोरका असावा, ही केवळ आपल्याकडील रड नाही. लोकशाहीची जननी म्हणून मिरवणाऱ्या इंग्लंडमध्ये २००२ सालापर्यंत नागरिकशास्त्र हा शाळेतील सक्तीचा विषय नव्हता. तो व्हावा म्हणून एका राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाने सुमारे तीन दशके चिकाटीने काम केले. त्याला यश आले आणि त्या यशाला पुढे ओहोटीही लागली. ही कहाणी आपल्याकडे जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही. नागरिक-शिक्षणाचे अध्ययन आणि अध्यापन हेच कार्यक्षेत्र मानणारा अभ्यासक समाजाला काय देऊ शकतो, आणि समाज त्याला कुठे एकटे पाडतो, हे त्या कहाणीत स्पष्ट दिसते.

त्या प्राध्यापकाचे नाव बर्नार्ड क्रिक. जन्म १९२९, मृत्यू १९ डिसेंबर २००८. शिक्षण लंडनमध्ये, उमेदवारीच्या काळातील काही वर्षे अमेरिका आणि कॅनडामधील विद्यापीठांत, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अध्यापन आणि १९६५ पासून शेफील्ड विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापकपद. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षापूर्वीच, १९६२ साली, त्यांचे ‘इन डिफेन्स ऑफ पॉलिटिक्स’ हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्या पुस्तकाने त्यांना नाव मिळवून दिले. राजकारण म्हणजे चिखल, सभ्य माणसाने त्यापासून चार हात दूर राहावे, ही मध्यमवर्गीय समजूत इंग्लंडमध्येही होती. क्रिक यांनी नेमके उलट मांडले. भिन्न हितसंबंधांची आणि भिन्न मतांची माणसे एका राज्यात राहणार असतील, तर बळाचा वापर न करता तडजोडीने निर्णय घेण्याची जी रीत, तिलाच राजकारण म्हणायचे. ती रीत सोडली की उरते ती दंडेली. या रीतीला धोका असलेल्यांची यादी त्यांनी दिली, त्यात पोथीबद्ध विचारसरणी होती, तंत्रज्ञानाचा अहंकार होता, केवळ बहुमताच्या जोरावर चालणारी लोकशाही होती आणि राष्ट्रवादही होता. राष्ट्रीय विचाराच्या वाचकाला हे शेवटचे प्रकरण पटणार नाही आणि ते पटलेच पाहिजे असेही नाही. परंतु ज्याच्याशी मतभेद आहेत त्याच्याकडून शिकण्यासारखे असेल ते घेण्यात कमीपणा नसतो.

विद्यापीठातील मान्यवर प्राध्यापक सामान्यतः शाळेकडे वळत नाही. संशोधनपर ग्रंथ, परिषदा, परदेशी दौरे यांत त्याची प्रतिष्ठा सामावलेली असते; तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न त्याला आपल्या पायरीचा वाटत नाही. क्रिक यांना तो वाटला. त्याला एक व्यावहारिक कारण होते. विद्यापीठात येणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी शाळेत ‘ब्रिटिश राज्यघटना’ नावाचा विषय परीक्षेसाठी घेतलेला असे. विधेयकाची वाचने किती, समित्या कोणत्या, मंत्रिमंडळाची रचना कशी, हे त्यांना तोंडपाठ असे. पण हे सारे कशासाठी चालते आणि त्यात कोण कोणाशी कशावरून भांडते, याची त्यांना गंधवार्ता नसे. भांडण वगळून राज्यघटना शिकवणे म्हणजे चेंडू न दाखवता क्रिकेटचे नियम पाठ करवून घेणे होय. महाराष्ट्रातील कोणत्याही शाळेत राज्यपालांच्या नियुक्तीची पद्धत घोकलेल्या विद्यार्थ्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

१९६९ हे वर्ष या कहाणीत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ब्रिटनने मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आणण्याचा कायदा केला. शाळा सोडल्यावर लगेच मतदान करावयाचे, पण मतदानाविषयी शाळेत एक अक्षर शिकावयाचे नाही, अशी स्थिती त्यामुळे निर्माण झाली. त्याच वर्षी डेरेक हीटर आणि क्रिक यांच्या पुढाकाराने राज्यशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांची ‘पॉलिटिक्स असोसिएशन’ ही संघटना स्थापन झाली आणि क्रिक तिचे पहिले अध्यक्ष झाले. हीटर हे अध्यापक-शिक्षणाच्या क्षेत्रातून आलेले अभ्यासक. नागरिकत्वाच्या इतिहासावरील त्यांचे ग्रंथ आजही वापरले जातात. एक नामांकित प्राध्यापक आणि एक अध्यापक-शिक्षक यांनी एकत्र येऊन प्रथम मागणीपत्र काढले नाही, शिक्षकांची संघटना उभी केली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढे १९७४ ते १९७८ या काळात हॅन्सार्ड सोसायटी या संसदीय अभ्यासाला वाहिलेल्या संस्थेमार्फत राजकीय शिक्षणाचा एक प्रकल्प चालला. नफील्ड फाउंडेशनने त्याला अर्थसाहाय्य दिले. क्रिक आणि ॲलेक्स पोर्टर यांनी संपादित केलेला त्याचा अहवाल १९७८ साली आला आणि ‘राजकीय साक्षरता’ ही कल्पना शिक्षणाच्या चर्चेत रुजली. ही कल्पना साधी आहे. वर्तमानपत्रात एखादा वाद वाचल्यावर तो वाद मुळात कशाचा, त्यात कोणाकोणाचे हित गुंतले आहे, त्याचा आपल्यावर आणि शेजाऱ्यावर काय परिणाम होणार, आणि त्यात काही करावयाचे झाल्यास कोणाकडे कसे जावे, हे ज्याला कळते तो राजकीयदृष्ट्या साक्षर. अमुक पक्षाला मत द्यावे हे शिकवण्याचा यात संबंध नाही. अहवालाने शिक्षकाला पाच गोष्टींची चौकट आखून दिली होती : स्वातंत्र्य, सहिष्णुता, न्याय्यबुद्धी, सत्याविषयी आदर आणि युक्तिवादाविषयी आदर. या पाचांच्या आत राहून वर्गात कोणताही वादग्रस्त विषय हाताळता येतो, असा त्यांचा दावा होता. तो पूर्णतः निर्दोष आहे असे नाही. सहिष्णुतेची मर्यादा कोणती, हा प्रश्न अशा चौकटीत अनुत्तरित राहतो. परंतु शिक्षकाच्या हाती काही मोजपट्टी तरी त्यामुळे आली.

यानंतर हवा बदलली. १९७९मध्ये सत्तांतर झाले. शाळेत राजकारण म्हणजे डाव्यांचा प्रचार, अशी धास्ती सत्ताधाऱ्यांना होती, आणि ती सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. १९८६च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळांत एकतर्फी राजकीय मते बिंबवण्यास मनाई केली आणि वादग्रस्त प्रश्नांची समतोल मांडणी बंधनकारक केली. ही तरतूद योग्यच होती. पण तिचा परिणाम असा झाला, की घाबरलेल्या शाळांनी समतोल मांडणी करण्याऐवजी मांडणीच सोडून दिली. १९८८ साली इंग्लंडमध्ये प्रथमच राष्ट्रीय अभ्यासक्रम आला, त्यात नागरिकशास्त्राला स्वतंत्र जागा नव्हती. १९९०मध्ये ते पाच ‘आंतरविषयक सूत्रां’पैकी एक म्हणून आले, म्हणजे सर्व शिक्षकांनी आपापल्या विषयातून ते थोडे थोडे शिकवावे. जे काम सर्वांचे, ते कोणाचेच नाही, हा शाळेचा जुना न्याय येथेही लागू पडला.

क्रिक यांच्या दृष्टीने हा काळ अज्ञातवासाचाच म्हणावा लागेल. १९७१ पासून ते लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात होते. दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्यांसाठी चालणारे हे महाविद्यालय. तिथला विद्यार्थी संसाराचे चटके खाऊन आलेला, त्यामुळे राजकारण म्हणजे काय हे त्याला वेगळे पटवून द्यावे लागत नसे. १९८० साली त्यांनी लिहिलेले जॉर्ज ऑर्वेलचे चरित्र प्रसिद्ध झाले. ऑर्वेलचा जन्म बिहारमधील मोतिहारीचा, हे अनेकांना ठाऊक असते. सत्तेची भाषा सामान्य माणसाच्या बुद्धीवर कसा पडदा टाकते हा ऑर्वेलचा ध्यास क्रिक यांच्या कामाशी किती जवळचा होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९८४मध्ये त्यांनी मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि एडिंबरोला बिऱ्हाड हलवले. कहाणी इथे संपली असती तर एका प्रामाणिक अभ्यासकाचे वाया गेलेले श्रम एवढीच तिची नोंद झाली असती.

ती संपली नाही, याचे कारण एक विद्यार्थी. शेफील्ड विद्यापीठात क्रिक यांच्या हाताखाली डेव्हिड ब्लंकेट नावाचा तरुण शिकत होता. जन्मतः दृष्टिहीन, बारा वर्षांचा असताना वडील कामावरील अपघातात गेले, घरी दारिद्र्य. विद्यार्थिदशेतच, १९७० साली, तो शेफील्डच्या नगरपालिकेवर निवडून आला. सत्तावीस वर्षांनी हाच विद्यार्थी ब्रिटनचा शिक्षणमंत्री झाला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये त्याने आपल्या वृद्ध गुरुजींना नागरिक-शिक्षणासाठीच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपद दिले. गुरु-शिष्य परंपरेचे कौतुक असलेल्या आपल्या समाजाला ही घटना विशेष भावावी. शिकवलेले कधी, कुठे उगवेल हे सांगता येत नाही.

समितीची रचना चतुराईने केलेली होती. विरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे माजी शिक्षणमंत्री केनेथ बेकर, ज्यांच्याच कारकिर्दीत १९८८चा अभ्यासक्रम आला होता, ते तिचे सदस्य होते. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या अध्यक्षा बेटी बूथरॉइड यांनी समितीचे पालकत्व स्वीकारले. सत्ता बदलली तरी अभ्यासक्रम फाडून टाकला जाऊ नये, ही त्यामागील दूरदृष्टी. सप्टेंबर १९९८मध्ये अंतिम अहवाल आला. त्याने तीन धागे सांगितले : सामाजिक आणि नैतिक जबाबदारी, समाजकार्यात सहभाग, आणि राजकीय साक्षरता. एकूण शालेय वेळेच्या पाच टक्क्यांहून अधिक वेळ यासाठी मागू नये, असे व्यवहारी भानही त्याने राखले. वादग्रस्त विषय वर्गात कसे हाताळावेत, यावर अहवालात स्वतंत्र विवेचन आहे. आजही कोणत्याही देशातील शिक्षकाने ते वाचावे. सप्टेंबर २००२पासून अकरा ते सोळा वयोगटासाठी नागरिकशास्त्र इंग्लंडमध्ये सक्तीचे झाले. त्याच वर्षी क्रिक यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

यशाचा हा क्षण. येथपासूनची कहाणी अधिक बोधप्रद आहे, कारण कायदा झाल्यानंतर शाळेत प्रत्यक्षात काय घडले ते मोजण्याची व्यवस्थाही इंग्लंडने केली होती. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन प्रतिष्ठानाने २००१ ते २०१० या काळात दीर्घकालीन पाहणी केली. ज्यांनी २००२ साली अकराव्या वर्षी हा विषय प्रथम शिकावयास घेतला, त्या मुलांच्या तुकडीचा अठराव्या वर्षापर्यंत मागोवा घेण्यात आला. क्रिक समितीचे काम पाहिलेले डेव्हिड कर या संशोधनाचे नेतृत्व करीत होते. समिती नेमायची, अहवाल स्वीकारायचा आणि पुढे काय झाले हे विचारायचे नाही, या आपल्याकडील प्रथेच्या पार्श्वभूमीवर हे लक्षणीय आहे.

पाहणीतून निघालेले निष्कर्ष रोखठोक होते. जिथे या विषयाला वेळापत्रकात स्वतःचा तास होता, आठवड्याला पंचेचाळीस मिनिटांहून अधिक वेळ होता, त्यासाठी तयार केलेला शिक्षक होता, परीक्षा होती आणि मुख्याध्यापकाचे पाठबळ होते, तिथे मुलांच्या जाणिवेत आणि सहभागाच्या इच्छेत फरक पडला. जिथे प्रार्थनासभेत चार शब्द आणि वर्षातून एक ‘नागरिकत्व दिन’ साजरा करून भागवले गेले, तिथे असा फरक पडण्याची आशा फोल ठरली. यात गूढ असे काही नाही. गणित आपण वर्षातून एका दिवशी समारंभपूर्वक शिकवत नाही.

दुसरी बाब अधिक नाजूक आहे. तीन धाग्यांपैकी शाळांनी दुसरा धागा, म्हणजे समाजकार्य, आनंदाने उचलला. वृद्धाश्रमाला भेट, निधिसंकलन, परिसर स्वच्छता. राजकीय साक्षरतेचा तिसरा धागा मात्र अनेक ठिकाणी सैल पडला, कारण तो धरायचा तर शिक्षकाला अभ्यास करावा लागतो आणि पालकांच्या तक्रारीला तोंड द्यावे लागते. क्रिक यांना हे दिसत होते आणि ते त्याविषयी वारंवार बजावत होते : सेवा करणारा मुलगा चांगला असतो, पण तेवढ्याने तो नागरिक होत नाही. ज्या वृद्धाश्रमात तो गाणी म्हणायला गेला, त्या वृद्धाश्रमाचे अनुदान कोण ठरवते आणि ते का कमी झाले, हे त्याला विचारता आले पाहिजे.

सेवाकार्याची दीर्घ परंपरा असलेल्या कुटुंबांनी आणि कार्यकर्त्यांनी हे विधान अंगाला लावून घ्यावे. आपल्याकडे रक्तदान शिबिराला, पूरग्रस्तांच्या मदतीला, वृक्षारोपणाला हाक दिली की माणसे धावून येतात, आणि त्याचा अभिमान सार्थ आहे. परंतु त्याच माणसांना आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रक किती, ते कोणत्या महिन्यात मंजूर होते, त्यावर हरकत कशी नोंदवावी, हे विचारले तर किती जण उत्तर देतील? सेवाभाव आणि नागरिकभाव यांत वैर नाही. पहिल्याने दुसऱ्याची जागा भरून निघते हा समज तेवढा दूर व्हावयास हवा.

इंग्लंडमधील पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येईल. क्रिक यांच्याच पुढाकाराने २००१ साली नागरिकशास्त्र शिक्षकांची संघटना स्थापन झाली. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले. ते घडवणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मलेले होते, आणि मग ‘आपण एकत्र का राहतो’ हा प्रश्न अभ्यासक्रमाच्या दारात येऊन उभा राहिला. ऑड्री ऑस्लर आणि ह्यू स्टार्की यांसारख्या अभ्यासकांनी, क्रिक अहवालात वांशिक विविधतेचा विचार अपुरा आहे, अशी टीका आधीपासून केली होती. २००७मध्ये कीथ अजेग्बो यांच्या अहवालाने ओळख आणि विविधता हा चौथा धागा जोडला. २०१४मध्ये ‘मूलभूत ब्रिटिश मूल्यां’चा प्रसार शाळांवर सोपवण्यात आला. ब्रिटन हे एक राष्ट्र नसून इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श आणि उत्तर आयरिश अशा चार समाजांचे राज्य आहे, असे मानणारे क्रिक तोवर हयात नव्हते. २०१०नंतर बहुसंख्य माध्यमिक शाळा स्वायत्त अकादमी झाल्या, आणि अशा शाळांना राष्ट्रीय अभ्यासक्रम बंधनकारक नाही. म्हणजे सक्ती कागदावर राहिली आणि शाळा तिच्या कक्षेबाहेर गेल्या. २०१८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने, सरकारने हा विषय दयनीय अवस्थेला पोहोचू दिला, असा स्पष्ट ठपका ठेवला. जुलै २०२५मध्ये ब्रिटिश सरकारने मतदानाचे वय सोळावर आणण्याचा इरादा जाहीर केला. १९६९मधला प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा आहे, फक्त आता मतदार आणखी दोन वर्षांनी लहान असणार आहे.

या कहाणीला एक गमतीची बाजूही आहे, आणि ती मराठी घरांपर्यंत पोहोचते. ब्रिटनचे नागरिकत्व घेऊ इच्छिणाऱ्या परदेशी व्यक्तींना तेथील जीवनाची माहिती असावी, यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षही क्रिकच होते. त्यांच्या २००३च्या अहवालातून १ नोव्हेंबर २००५पासूनची ती सुप्रसिद्ध परीक्षा आली : पंचेचाळीस मिनिटांत चोवीस प्रश्न, उत्तीर्ण होण्यासाठी अठरा बरोबर. पुणे, ठाणे, नाशिक येथून नोकरीसाठी गेलेल्या आणि तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही परीक्षा चांगली परिचित आहे. त्या पुस्तिकेच्या पहिल्या आवृत्तीतील इतिहासाचे प्रकरण क्रिक यांनी लिहिले होते आणि इतिहासकारांनी त्यातील चुका उत्साहाने दाखवून दिल्या, हेही नमूद केले पाहिजे. तरीही गंमत अशी, की त्या देशात जन्मलेला तरुण जे न वाचता मतदार होतो, ते पुण्याहून गेलेला अभियंता रात्री जागून वाचतो.

आता भारताकडे वळू. शाळेसाठी लिहिलेले नागरिकशास्त्राचे पुस्तक आपल्याकडे स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षे आधीच आले होते. मुंबई इलाख्यात सनदी नोकरी केलेले विल्यम ली-वॉर्नर यांचे ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ हे पुस्तक १८९७ साली प्रसिद्ध झाले. ब्रिटिश राज्याचे उपकार आणि त्या राज्यातील प्रजेची कर्तव्ये भारतीय विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवणे हा त्याचा हेतू. त्याच १८९७ साली मुंबईच्या न्यायालयाने लोकमान्य टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा दिली. पुस्तकात ‘नागरिक’ हा शब्द होता. ज्याने नागरिकासारखे वागून दाखवले, तो तुरुंगात होता. आपल्या नागरिकशास्त्राचा जन्म असा आज्ञाधारक प्रजा घडवण्यासाठी झाला आणि ती जन्मखूण अद्याप पुसली गेलेली नाही. आजही पाठ्यपुस्तकातील नागरिक प्रामुख्याने कर भरतो, रांगेत उभा राहतो आणि सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करत नाही. तो प्रश्न विचारताना क्वचितच दिसतो.

मूलभूत कर्तव्यांचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने कलम ५१-क आले, दहा कर्तव्ये आली. २००२ साली अकरावे कर्तव्य जोडले गेले. ही कर्तव्ये नागरिकांना शिकवावीत कशी, यासाठी न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने १९९९मध्ये अहवाल दिला. म्हणजे क्रिक अहवाल आणि वर्मा अहवाल हे जवळजवळ जुळे भाऊ. केवळ पाठांतराने कर्तव्य अंगी बाणत नाही, शिक्षकांची तयारी आणि शाळेचे एकंदर वातावरण बदलले पाहिजे, हा वर्मा समितीच्या शिफारशींचा रोख होता. न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या पत्रावरून सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली या शिफारशींचा विचार करून पावले उचलावीत असे सरकारला सांगितले. पुढे कर्तव्यांची यादी पाठ्यपुस्तकांत छापली गेली. शिक्षकाच्या तयारीचा मुद्दा फाइलीत राहिला.

वाद मात्र आपल्याकडे भरपूर झाले. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने, नागरिकशास्त्राला साम्राज्यशाहीचा वास येतो असे म्हणत, त्याच्या जागी राज्यशास्त्राचा आग्रह धरला. त्या निदानात तथ्य होते, हे ली-वॉर्नरचे उदाहरण सांगतेच. त्यानुसार झालेल्या अकरावीच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून मे २०१२मध्ये संसदेत गदारोळ झाला, मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुणे विद्यापीठातील पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली. पुस्तकातील भूमिकेविषयी कोणाचे काहीही मत असो, लेखणीला हातोड्याने उत्तर देणे हे कोणत्याच नागरिकशास्त्रात बसत नाही. त्यानंतर सरकारे बदलली, पुस्तके बदलली, २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. प्रत्येक वेळी चर्चा एकच : अमुक प्रकरण का गाळले, तमुक नाव का घातले. डावे आणि उजवे दोघेही पानासाठी भांडतात. ते पान वर्गात उघडून शिकवणारा माणूस कोण, त्याला काय येते आणि त्याला किती वेळ मिळतो, हा प्रश्न ना डाव्यांच्या निवेदनात असतो, ना उजव्यांच्या.

महाराष्ट्रात दहावीला २०१८पासून ‘इतिहास व राज्यशास्त्र’ असे नाव आले. प्रश्नपत्रिका दोहोंची मिळून चाळीस गुणांची, आणि त्यातील लहान वाटा राज्यशास्त्राचा. नाव बदलले, शिक्षक तोच. अध्यापक महाविद्यालयांतही बहुतेक ठिकाणी इतिहासाच्या अध्यापन पद्धतीला जोडूनच हा विषय उरकला जातो. आपल्या विद्यापीठांतून राज्यशास्त्राचे प्राध्यापक आहेत, शिक्षणशास्त्राचे आहेत. परंतु वर्गात लोकशाही कशी शिकवावी यालाच आपले संशोधनाचे क्षेत्र मानून त्यात कारकीर्द घडवणारे विरळा. असे कोणी करू म्हटले तर त्याला मार्गदर्शक कुठे मिळेल, नोकरी कुठे मिळेल आणि त्याचा निबंध कोण वाचेल, ही त्याच्या घरच्यांची चिंता रास्त असते. मराठी मध्यमवर्गातील हुशार मुलगा अभियांत्रिकीला जातो, मुलगी वैद्यकीयला किंवा संगणकशास्त्राला. ‘नागरिक-शिक्षण हा माझा विषय’ असे सांगणाऱ्या मुलाचे कौतुक किती घरांत होईल?

याची किंमत किती, हे मुंबईच्या एका उदाहरणाने लक्षात यावे. मार्च २०२२मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. त्यानंतर जानेवारी २०२६मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षांहून अधिक काळ, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता. या काळात शहरातील हजारो विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात शिकले, की महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते आणि नगरसेवक जनतेचे प्रश्न मांडतात. शाळेच्या खिडकीबाहेर तसे काही नव्हते. किती वर्गांत शिक्षकांनी पुस्तक बाजूला ठेवून सांगितले असेल, की मुलांनो, सध्या आपल्या शहरात नगरसेवक नाहीत, त्याची कारणे न्यायालयातील अमुक खटल्यांत आणि प्रभागरचनेच्या तमुक वादात आहेत, आणि त्याविषयी वेगवेगळ्या पक्षांचे म्हणणे असे असे आहे? क्रिक यांना अभिप्रेत असलेली राजकीय साक्षरता म्हणजे नेमका हा अर्ध्या तासाचा पाठ. तो देण्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. लागतो तो न घाबरणारा, अभ्यास केलेला शिक्षक, आणि त्याने दोन्ही बाजू मांडल्या तर त्याच्या पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक. पालकांनीही, आपल्या पक्षाच्या विरोधातील बाजू वर्गात मांडली गेली म्हणून शाळेच्या कार्यालयात धाव घेऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

शासनाने करण्यासारख्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. सेवेत असलेल्या इतिहास-शिक्षकांसाठी या विषयाचे स्वतंत्र प्रशिक्षण, आठवड्यातून एक हक्काची तासिका, एखाद्या विद्यापीठात या विषयाच्या संशोधनासाठी अध्यासन, आणि दहा वर्षे मुलांचा मागोवा घेणारी एक पाहणी. स्वयंसेवी संस्थांनीही दरवेळी नवे काही सुरू करण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्रातील गावांत ग्रामसभा परंपरेने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून भरतात. त्यांपैकी २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला तर गावातील सगळी मुले सकाळी सात वाजता गणवेशात शाळेच्या पटांगणात हजर असतात. झेंडावंदन होते, गोळ्या वाटल्या जातात, मुले घरी पळतात. आणि थोड्या वेळाने हाकेच्या अंतरावरील ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सरपंच, ग्रामसेवक आणि मोजकी डोकी पाण्याच्या टाकीचा हिशेब मांडायला बसतात. नववीचा वर्ग तेवढा तासभर थांबवून, मागच्या सतरंजीवर बसवून तो हिशेब ऐकवता येतो.